भविष्यातलं शहर सोसायटीच्या टाकीपासून कसं सुरू करायचं

आज रात्री १ वाजता तुमच्या बिल्डिंगच्या वरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनवर जो मीटर असेल त्याचा फोटो काढा, मग पहाटे ४ ला परत काढा. मीटरच नसेल तर टाकीत बांबू घालून पाण्याची उंची मोजा, दोन्ही वेळा, फक्त मधल्या वेळात पंप बंद ठेवा. सगळे झोपलेले असताना जे पाणी गेलं ते कोणी वापरलेलं नाही, ते गळतंय. आमच्याकडे हा आकडा तासाला ४५० लिटर निघाला, म्हणजे दिवसाला जवळपास ११ हजार लिटर, म्हणजे रोज एक टँकर विकत घेऊन आम्ही तो गटारात ओतत होतो आणि हे कितीतरी वर्षं चालू होतं.

भविष्यातली शहरं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कंट्रोल रूम येते, भिंतभर स्क्रीन, उडत्या गाड्या वगैरे. २०१५ मध्ये स्मार्ट सिटी मिशन आलं, देशातली १०० शहरं निवडली गेली, २०१६ च्या पहिल्या २० मध्ये आपलं पुणं होतं, तेव्हा मीही खूप उत्साहाने सगळं वाचत होतो. कोरियातलं सोंगदो वाचलं जिथे कचरा हवेच्या दाबाने पाइपातून खेचला जातो, अबुधाबीचं मसदार वाचलं जिथे २००६ पासून वाळवंटात कोऱ्या जमिनीवर शहर आखलं जातंय. पण आपल्याला कोरी जमीन मिळणार नाहीये. आपली शहरं ऑलरेडी भरलेली आहेत, त्यात माणसं राहतायत, आणि २०५० सालचं पुणं म्हणजे आज उभ्या असलेल्या ह्याच बिल्डिंगा, ह्याच टाक्या आणि हेच ओढे असणार आहेत. म्हणून डिझाइन इथूनच करायला लागेल. मी सोसायटीच्या कमिटीत काही वर्षं काढली, बऱ्याच चुका केल्या, त्यातून जो क्रम हाताशी आला तो खाली लिहितोय. साधारण २०० फ्लॅट, ८०० माणसं, स्वतःचा एसटीपी (म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), बोअर आणि उन्हाळ्यात टँकर अशी सोसायटी धरलीये, तुमची लहान असेल तर आकडे त्या प्रमाणात कमी करा.

क्रम मात्र बदलू नका. आधी मोजायचं, मग गळती थांबवायची, मग नवीन काही बसवायचं, आणि सेन्सर-ॲप-डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी. आम्ही उलटं केलं होतं, आधी ॲप घेतलं, ते सहा महिन्यांत बंद पडलं कारण त्यात दिसणाऱ्या आकड्याचं काय करायचं हे कोणालाच ठरवून दिलेलं नव्हतं.

पायरी १: दोन आठवडे फक्त मोजा

एक साधी वही घ्या, वॉचमन काकांच्या टेबलावर ठेवा, आणि रोज सकाळी ७ ला पाच गोष्टी लिहायच्या: महापालिकेच्या लाइनचा मीटर, बोअरचा मीटर, आलेले टँकर, कॉमन लाइटचा मीटर, आणि कचऱ्याचं वजन. पाण्यासाठी आपल्याकडे सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटर आहे, त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. ८०० माणसांना म्हणजे रोज १ लाख ८ हजार लिटर. तुमचा आकडा याच्या दीडपट निघाला तर घाबरू नका, पहिल्या मोजणीत बहुतेकांचा निघतो, आणि त्यात लोकांच्या वापरापेक्षा गळतीचा वाटा किती ते रात्रीच्या रीडिंगवरून कळतं.

प्रत्येक विंगला वेगळा मीटर लावणं फार गरजेचं आहे. सगळ्या सोसायटीचा एकच आकडा असला की दोष कोणाचाच नसतो, बी विंगचा आकडा सी विंगपेक्षा जास्त दिसला की बी विंगमधलेच लोक प्लंबरला घेऊन टेरेसवर जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. घरटी मीटर ही पुढची गोष्ट. नवीन बिल्डिंगमध्ये फ्लॅटला पाण्याचा एकच इनलेट असतो, पण जुन्यात प्रत्येक बाथरूमला टेरेसवरून वेगळी लाइन उतरते, म्हणजे एका घराला तीन-चार मीटर लागतात आणि खर्च तेवढ्या पटीने वाढतो. कोटेशन मागवायच्या आधी इनलेट मोजा. आम्ही २०० मीटरच्या हिशोबाने एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, मंजुरी घेतली आणि नंतर कळलं लागणार होते ७०० च्या आसपास, सगळा ठराव परत आणावा लागला.

पायरी २: गळती

जमिनीखालच्या टाकीपासून सुरुवात करा. तिथला फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा, अडकला की पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपने थेट ड्रेनेजला जातं, वर काहीच दिसत नाही, आणि वरच्या टाकीच्या रात्रीच्या रीडिंगमध्येही ते येत नाही. तो ओव्हरफ्लो पाइप बाहेर, डोळ्याला दिसेल अशा जागी वळवून घ्या, प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे.

मग घरातले फ्लश. सुट्टीच्या दिवशी प्रत्येक घरात फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकायला सांगा, पंधरा-वीस मिनिटं फ्लश न करता थांबायचं, कमोडमध्ये रंग उतरला तर आतला रबर गेलेला आहे. हे काम मुलांना द्या, ती घरोघरी जाऊन करतात आणि मोठ्यांना नाही म्हणता येत नाही. नळांना एरेटर, म्हणजे तोंडाशी बसणारी छोटी जाळी, लावा, साध्या नळातून मिनिटाला १०-१५ लिटर पाणी येतं, एरेटरने ते निम्म्यापेक्षा खाली जातं आणि भांडी घासताना फरकसुद्धा जाणवत नाही. खालच्या मजल्यांना प्रेशर जास्त असतं, तिथे लाइनवर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला की नळ पण टिकतात.

पायरी ३: एसटीपी, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

माझ्या मते आपल्या शहरांमधलं सगळ्यात वाया गेलेलं तंत्रज्ञान कुठलं असेल तर ते सोसायट्यांच्या बेसमेंटमध्ये पडलेले एसटीपी. बिल्डर परवानगीसाठी बांधून देतो, ताबा मिळाल्यावर वास येतो म्हणून, लाइट बिल येतं म्हणून ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं मशीन, बंद होतो, आणि मग मैलापाणी तसंच पुढे नदीला. मुळा-मुठेचं आज जे झालंय त्यात आपल्या सगळ्यांच्या बेसमेंटचा वाटा आहे. दुसरीकडे सिंगापूर २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून परत वापरतंय, कारखान्यांना देतंय, थोडं धरणाच्या पाण्यातसुद्धा मिसळतंय. तिथे आधी लोकांचा विश्वास कमावला गेला, प्लांट बघायला उघडा ठेवला. आपल्याला पिण्याचं पाणी करायचंच नाहीये, फक्त फ्लश आणि बागेपुरतं.

हिशोब बघा. फ्लशचे ४५ लिटर गुणिले ८०० माणसं म्हणजे रोज ३६ हजार लिटर, साडेतीन टँकर. एवढं पाणी तुमच्या बेसमेंटमध्ये आत्ता ऑलरेडी आहे.

एसटीपी नीट चालतोय का हे बघायला इंजिनिअर लागत नाही. एरेशन टँकमधून, म्हणजे जिथे बुडबुडे येत असतात तिथून, एक लिटर पाणी पारदर्शक मोजपात्रात घ्या आणि ३० मिनिटं हलवू नका. खाली गाळ बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं. गाळ २०० ते ४०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत असेल, चॉकलेटी रंगाचा असेल आणि वास पावसाळ्यातल्या मातीसारखा असेल तर तुमचे जीवाणू जिवंत आहेत आणि काम करतायत. पाणी काळं आणि सडक्या अंड्यासारखा वास असेल तर हवा कमी पडतेय, ब्लोअर बंद ठेवला जातोय किंवा हवा सोडणारे डिफ्युझर चोंदलेत. गाळ ७००-८०० पर्यंत आला आणि बसतच नाहीये तर जास्तीचा गाळ बाहेर काढायची वेळ झालीये. काही प्लांटमध्ये जीवाणू प्लास्टिकच्या छोट्या चकत्यांवर वाढतात, तिथे पात्रात गाळ मुळातच कमी दिसतो, तेव्हा चालवणाऱ्याला आधी विचारून घ्या की त्याच्या प्लांटचा नेहमीचा आकडा काय. ही टेस्ट आठवड्यातून एकदा, ऑपरेटरबरोबर कमिटीतल्या एकाने करायचीच, आणि त्या पात्राचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा. लोकांना स्वतःच्या सांडपाण्याचं स्वच्छ होणं दिसलं की मग ते पाणी फ्लशला घ्यायला तयार होतात, नुसतं सर्क्युलर काढून होत नाही.

ब्लोअर रात्री सलग सात-आठ तास बंद ठेवू नका, जीवाणू गुदमरतात आणि परत उभे राहायला कित्येक दिवस घेतात. बिल वाचवायचं असेल तर कंपनीला विचारून थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद असा टायमर लावा.

आणि एक गोष्ट जिच्यात चूक चालणारच नाही: शुद्ध केलेल्या पाण्याची लाइन आणि पिण्याच्या पाण्याची लाइन कुठेही जोडलेली नाही याची खात्री. पाइपला वेगळा रंग द्या, व्हॉल्व्हवर पाट्या लावा, आणि चालू करायच्या दिवशी पिण्याची लाइन पूर्ण बंद करून, ती रिकामी होऊ देऊन, प्रत्येक घरात किचनचा नळ उघडून बघा. पाणी येत राहिलं तर कुठेतरी क्रॉस कनेक्शन आहे. बाथरूम रिनोव्हेट करताना प्लंबर लोक जवळची लाइन दिसली की जोडून टाकतात, म्हणून रिनोव्हेशनच्या परवानगीच्या फॉर्मवरच ही टेस्ट लिहून ठेवा.

पायरी ४: पाऊस

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १००० चौरस मीटर टेरेस, त्यावर ०.७ मीटर पाऊस, त्यातला ८० टक्के हाती लागला तर ५ लाख ६० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ५६ टँकर. मे महिन्यात आपण टँकरला किती दिले ते बिल समोर ठेवून हा आकडा एजीएममध्ये वाचून दाखवा.

पण नुसता खड्डा खणून त्यात पाइप सोडू नका. पुण्याच्या खाली बसाल्ट आहे, म्हणजे काळा पाषाण, त्यात पाणी स्पंजासारखं सगळीकडे मुरत नाही, वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्येच ते साठतं. एका सोसायटीत भराभर पाणी घेणारा खड्डा शेजारच्या प्लॉटवर तुंबून बसतो. भूजलाच्या माणसाला एकदा बोलवा, पुण्यात ॲक्वाडॅमसारखी संस्था ह्या खडकांचाच अभ्यास करते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायची सोय, मग वाळू-खडीचा फिल्टर, आणि मगच बोअरमध्ये. पार्किंगचं पाणी बोअरमध्ये अजिबात नाही, त्यात ऑइल असतं. बोअरच्या पाण्याची पातळी मोजायला सुरुवात आजच करा, दोरीला वजन बांधून, मे आणि ऑक्टोबरमध्ये.

कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला ढगफुटी झाली, शहर बुडालं, आणि नंतर त्यांनी नुसते मोठे पाइप टाकण्याऐवजी मैदानं आणि चौक मुद्दाम खोलगट केले, जोरदार पाऊस आला की ते काही तास तळं होतात आणि नंतर परत मैदान. हे आपल्याकडे सोसायटीच्या लेव्हलला करता येतं. आम्ही मुलांच्या खेळायच्या जागेच्या कडेची बाग फक्त अर्धा फूट खाली घेतली आणि गेटसमोर तुंबणारं पाणी तिकडे वळवलं, पाणी काही तासांत मुरतं. पार्किंग सोडून जिथे जिथे सिमेंट केलंय तिथे खरंच त्याची गरज आहे का हे एकदा फिरून बघा.

पाणी उतारावर चालतं हे आपल्या जुन्या लोकांना चांगलं माहीत होतं, अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं, एकही पंप न लावता. वाटेत उच्छ्वास, म्हणजे नळापर्यंत पोचायच्या उघड्या जागा, ठेवले, त्यातून गाळ काढता यायचा, नळ साफ करता यायचा. मला त्यात सगळ्यात जास्त भावतं ते हे की देखभालीची जागा डिझाइनमध्येच होती. नवीन काही बसवताना प्रत्येक वेळी विचारा, हे साफ करायला माणूस आत कुठून जाणार?

पायरी ५: कचरा

दिवसाला १०० किलोच्या वर कचरा होणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा हा नियम २०१६ पासून आहे. तो नसता तरी करायला पाहिजे होतं, कारण इतकी वर्षं आपला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांच्या दारात जाऊन पडला, त्यांच्या विहिरी खराब झाल्या.

मशीन की साधे पिट, हा वाद प्रत्येक कमिटीत होतो. माझं स्पष्ट मत, जागा असेल तर साधे पिट किंवा जाळीचे कंपोस्टर घ्या. २४ तासांत खत असं सांगणारी मशीन कचरा बारीक करून वाळवते, ते खत नसतं, ते झाडांना घातलं तर मुळं खराब होतात, त्याला पुढे दोन-तीन आठवडे मुरायला ठेवावंच लागतं आणि मशीनचं लाइट बिल वेगळं. साध्या पद्धतीत ओल्या कचऱ्याबरोबर सुका पालापाचोळा, नारळाचा भुसा किंवा लाकडाचा भुसा घालायचा, थोडं जुनं खत विरजणासारखं, आणि आठवड्याला एकदा वरखाली करायचं. ढीग गरम होतो, आतून ५५-६० डिग्रीपर्यंत, तो गरम झाला म्हणजे काम चालू आहे. मूठभर घेऊन दाबा, एक-दोन थेंब यायला पाहिजेत, धार लागली तर पाचोळा वाढवा, वास त्यामुळेच येतो. पाचोळा जानेवारी ते मार्च पोत्यात भरून ठेवा, पावसाळ्यात तोच सोनं होतो.

सुक्या कचऱ्यासाठी पुण्याकडे असं काही आहे जे फार कमी शहरांकडे आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आणि त्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. कुठल्याही सॉर्टिंग मशीनपेक्षा ह्या ताईंना प्लास्टिकचे प्रकार जास्त ओळखता येतात. त्यांना सोसायटीत बसून काम करायला सावलीची जागा, पाणी आणि टॉयलेट द्या, हातमोजे द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत इथेच सुरू झाली, ती तुमच्याकडे नसेल तर उद्यापासून सुरू करा, याला एक रुपयासुद्धा लागत नाही.

पायरी ६: वीज आणि गाड्या

सोलरच्या आधी पंप बघा. चुकीच्या साइजचा जुना पंप बदलणं आणि पार्किंगच्या ट्यूब बदलून एलईडी करणं याचे पैसे सगळ्यात लवकर वसूल होतात. घरात साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास, आपल्याकडे पंखे रात्रभर चालतात तेव्हा हा फरक मोठा आहे.

सोलरचा हिशोब सोपा आहे, १ किलोवॅटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि तो महाराष्ट्रात दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, वर्षाला १४०० धरा. ३० किलोवॅट बसवले तर ४२ हजार युनिट. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे ३० किलोवॅटला ५ लाख ४० हजार, आणि महावितरणकडे नेट मीटरिंग करून दिवसाची वीज रात्रीच्या वापरात वळती होते. शिवाय पुणे महापालिका सोलर, गांडूळखत आणि पर्जन्यसंधारण यांतलं काही केलं असेल तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत देते, त्यासाठी अर्ज करा, बरेच जण करतच नाहीत.

टेरेसचं वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या, पॅनल लागल्यावर गळती निघाली तर सगळं उतरवावं लागतं. स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच घ्या, खाली माणूस चालू शकला पाहिजे, टाक्या धुता आल्या पाहिजेत, आणि वरच्या मजल्याला त्या सावलीचा थंडावा मिळतो तो वेगळाच. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून आणि पाण्याचा एक नळ जवळ, कारण उन्हाळ्यात पुण्यातली धूळ पंधरा दिवसांत पॅनलवर थर धरते.

इलेक्ट्रिक गाड्यांवरून सोसायट्यांमध्ये भांडणं होतायत, सगळे म्हणतात लोड पुरणार नाही. कागदावर बघा. ५० गाड्या एकदम ३.३ किलोवॅटवर लावल्या तर १६५ किलोवॅट, हे खरंच जड आहे. पण शहरात गाडी रोज ४० किलोमीटर चालते, त्याला साधारण ६ युनिट लागतात, म्हणजे दोन तास चार्जिंग. रात्रीच्या दहा तासांत पाळी लावली तर एका वेळी दहाच गाड्या, ३३ किलोवॅट. ही पाळी लावायचं काम मात्र माणसाने करू नये, इथे सॉफ्टवेअर हवं, लोड वाटून देणारे चार्जर मिळतात. सुरुवातीलाच केबल ट्रे आणि पॅनल ५० गाड्यांच्या हिशोबाने टाका, चार्जर मात्र जसे लागतील तसे. प्रत्येकाने आपापल्या मीटरवरून वायर ओढली की दोन वर्षांत बेसमेंटचं जाळं होतं आणि आगीचा धोका वाढतो.

सावलीबद्दल थोडकंच लिहितो. टेरेसला पांढरा परावर्तक रंग, आणि रस्त्याच्या बाजूला देशी झाडं, कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, कांचन. बुंध्याभोवती कमीत कमी मीटरभर माती उघडी ठेवा, पेव्हर ब्लॉकने गळा आवळलेलं झाड पुढे वाऱ्यात पडतं.

पायरी ७: आता सेन्सर

इथपर्यंत आलात म्हणजे तुम्हाला माहीत झालंय की कुठला आकडा महत्त्वाचा आहे. आता तोच आकडा आपोआप घ्यायचा. आमच्या अनुभवाने तीनच गोष्टी खरंच उपयोगी ठरल्या: टाकीतला लेव्हल सेन्सर जो पंप स्वतः चालू-बंद करतो, विंगच्या मीटरवरचं रात्रीचं रीडिंग जे ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की मेसेज येतो, आणि ब्लोअर चालू आहे की नाही हे सांगणारा साधा करंट सेन्सर. प्रत्येक अलर्टपुढे एका माणसाचं नाव आणि त्याने काय करायचं हे लिहून मगच सेन्सर विकत घ्या. 'रात्री १ ते ४ मध्ये बी विंगला तासाला १०० लिटरच्या वर गेलं, तर सकाळी ८ ला प्लंबरने आधी टेरेसचे व्हॉल्व्ह बघायचे', इतकं स्पष्ट.

कंपनीशी करार करताना हे विचारा: डेटा आमच्या नावावर आहे का आणि तो कधीही एक्सेल फाइलमध्ये काढता येतो का, कंपनी बंद पडली तर मीटर हाताने वाचता येतो का, दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर त्याच सेन्सरला चालतं का, आतल्या सिम कार्डचं रिचार्ज कोण भरणार, बॅटरी किती वर्षं आणि बदलायला किती. हे आम्ही विचारलं नव्हतं म्हणून आमचं पहिलं ॲप गेलं तेव्हा सहा महिन्यांचे आकडेही गेले.

माणसांचा डेटा ही आणखी नाजूक गोष्ट. टोरांटोत २०१७ मध्ये गुगलच्या भावंड कंपनीने पाण्याकाठी सेन्सरने भरलेली वस्ती जाहीर केली होती, डेटा कोणाचा यावरून लोकांनी प्रश्न विचारले, वाद वाढत गेला, आणि मे २०२० मध्ये कंपनीने प्रकल्प सोडला, कारण मात्र आर्थिक अनिश्चिततेचं दिलं. आपल्याकडे गेटवरची ॲप्स कामवाल्या मावशींचे फोटो, येण्याजाण्याच्या वेळा सगळं साठवतात आणि त्यांना कोणी विचारतही नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याआधी साधी माणुसकी आहे. त्यांची परवानगी त्यांच्या भाषेत घ्या, आणि जुना डेटा किती दिवसांनी पुसायचा हे ठरावात लिहा.

पायरी ८: गेटच्या बाहेर

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, भिंती कोसळल्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात होती. तुमची सोसायटी कितीही आदर्श असली तरी शेजारचा ओढा बुजवलेला असेल तर पाणी तुमच्या बेसमेंटमध्येच येणार. म्हणून वॉर्डाचा नकाशा घ्या, त्यावर निळी रेषा आणि लाल रेषा शोधा, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. मग ओढ्याच्या काठाने शेवटपर्यंत चालत जा, भराव कुठे, कल्व्हर्ट (रस्त्याखालची मोरी) कुठे चोंदलाय, भिंत कुठे आत आलीये, प्रत्येक ठिकाणचा फोटो आणि लोकेशन.

त्याच वेळी टेप घेऊन फुटपाथ मोजा. अडथळा नसलेली १.८ मीटर रुंदी आणि १५ सेंटिमीटरच्या वर नसलेली उंची हे भारतीय रस्ते मानकांत आहे. एखाद्या आजीबरोबर किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या शेजाऱ्याबरोबर चाला, बसस्टॉपपर्यंत किती वेळा रस्त्यावर उतरावं लागलं ते मोजा. फुटपाथ आणि बस नसेल तर इलेक्ट्रिक गाड्यांचासुद्धा ट्रॅफिक जॅमच होतो.

पुणे महापालिकेत नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक दीडेक दशकाहून जास्त काळ चालू आहे, त्यात आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. अर्जाची मुदत क्षेत्रीय कार्यालयात आधीच विचारून ठेवा. 'फुटपाथ नीट करा' असं लिहू नका, 'अमुक चौक ते तमुक शाळा, २२० मीटर, रुंदी ०.९ मीटर, मधे विजेचे चार डीपी' असं लिहा आणि आसपासच्या पाच-सहा सोसायट्यांच्या सह्या घ्या.

वर्षाचा अंदाज असा ठेवा. जानेवारीत मोजणी आणि पाचोळा भरणं, फेब्रुवारीत गळती, मार्चमध्ये वॉटरप्रूफिंग आणि मग सोलर, एप्रिलमध्ये बोअरचा फिल्टर आणि मेमध्ये टेरेसच्या पाइपांची सफाई, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसाला सगळं तयार. पावसात बाहेर जाऊन पाणी कुठून कुठे वाहतंय त्याचे व्हिडिओ काढायचे, ऑगस्टमध्ये वॉर्डाचा अर्ज तयार ठेवायचा. ऑक्टोबरमध्ये दोरी घेऊन परत बोअरवर. आमची दोरी यंदा मे महिन्याच्या खुणेपेक्षा बरीच वर ओली झाली, आणि रात्रीचं रीडिंग तासाला ६० लिटरवर आलंय. ते ६० कुठे जातायत ते अजून शोधतोय, ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर संशय आहे.